ऑटोट्यूनवर एवढा राग का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या रॅपवरच्या लेखात दोन वाक्ये खटकली. एक, रॅप म्हणजे शिव्या, गाड्या आणि सोन्याच्या साखळ्या. दुसरे, ऑटोट्यून हे सूर सुधारणारे सॉफ्टवेअर म्हणजे गाता न येणाऱ्यांची सोय. मी समीक्षक नाही. हळदी, जत्रा आणि ऑर्केस्ट्रा यांत पंचवीस वर्षे ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवतोय. पहिल्या वाक्याशी माझे अर्धे भांडण आहे, दुसऱ्याशी पुरते.

लेखकमहाशयांनी कान्ये वेस्टचा '८०८ज अँड हार्टब्रेक' (२००८) हा अल्बम ऐकलेला दिसत नाही. मलाही तो भाच्याने ऐकवला, नाहीतर मी कशाला त्या वाटेला जातोय! शिकागोचा हा रॅपर तोवर बढायांसाठीच प्रसिद्ध होता. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याची आई डोंडा वेस्ट कॉस्मेटिक शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी गेली. बाई प्राध्यापक, शिकागोतल्या विद्यापीठात इंग्रजीच्या विभागप्रमुख होत्या आणि त्यांनी मुलाला एकटीने वाढवले होते. पुढच्या वर्षी त्याचे ठरलेले लग्नही मोडले. त्यानंतर हा होनोलुलूच्या स्टुडिओत जाऊन बसला आणि काही आठवड्यांत अल्बम उरकला. त्यात रॅप जवळजवळ नाहीच. तो गातो, तेही गळा गाणाऱ्याचा नसताना, आणि आवाजावर सबंध वेळ ऑटोट्यून.

आता ऑटोट्यून करते काय? तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या लहरींची गणिते मांडणाऱ्या अँडी हिल्डब्रँड यांनी ते १९९७ मध्ये बाजारात आणले. सूर थोडा इकडेतिकडे गेला तर ते हळूच जागेवर आणते. आज कित्येक गोड गाण्यांत ते असते आणि तुम्हाआम्हाला पत्ता लागत नाही. पण सूर जागेवर आणण्याचा त्याचा वेग पूर्ण वाढवला की मधली मींडच कापली जाते. आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत न जाता जिन्याच्या पायऱ्यांसारखा टपटप पडतो. कान्येने ते असे उघडे वापरले. चोरून सूर सुधारायचा असता तर लपवले नसते का?

आणि हा कोरडा आवाज माझ्या ओळखीचा आहे. माझी आई गेली त्याच्या विसाव्या दिवशी हळदीची सुपारी होती. पैसे घेतलेले, जावे लागले. जो भेटेल तो विचारी, आणि मी प्रत्येकाला एकाच पट्टीत सांगे, 'हो, झालं सगळं व्यवस्थित.' गळ्यात चढउतारच उरला नव्हता. या अल्बममध्ये आईवरचे 'कोल्डेस्ट विंटर' ऐकताना मला तो मांडव आठवला. तिथे कुणी मींड घेऊन हळवे गायले असते तर मी बहुतेक पुढचे गाणे लावले असते.

नावातले ८०८ म्हणजे रोलँड या जपानी कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र. आमचा ऑक्टोपॅडही तिचाच, म्हणजे नात्यातलाच म्हणायचा. १९८० ते ८३ एवढाच काळ ते बनले, साधारण १२ हजार नग. खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून तेव्हा नाके मुरडली गेली. त्याचा खर्ज ठोका मात्र लांबवता येतो, डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढावा तसा पोटात घुमत राहतो. (मुंबईत सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच याच यंत्राच्या तालावर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कुणी ढुंकून पाहिले नाही.) कान्येने ते ठोके मोकळ्या जागेत एकेक करून टाकलेत. पहिल्याच गाण्यात शेवटची सुमारे तीन मिनिटे तो गातच नाही, ताल आणि टिकटिक तेवढी चालू. आम्ही स्टेजवर अशी तीस सेकंद सोडली तर लोक चपला फेकतील.

एका गाण्यात मित्र त्याला आपल्या मुलांचे फोटो दाखवतो आणि याच्याकडे दाखवायला फक्त घरांचे फोटो निघतात. गाड्या आणि साखळ्यांबद्दल लेखकांना जे म्हणायचे होते, ते या पठ्ठ्याने स्वतःवरच म्हणून ठेवले आहे.

सगळेच पटले असे नाही. मोडलेल्या नात्याचा ठपका बाईवर ठेवून मोकळी होणारी दोनतीन गाणी आहेत, ती मी पुढे ढकलतो. या माणसाने पुढे ज्यू समाजाबद्दल जे बरळले त्याचे समर्थन तर कुणीच करू नये. २०२२ मध्ये आदिदासने त्याच्याशी करार तोडला, ते योग्यच झाले.

तरीही लेखकांनी निदान शेवटचा ट्रॅक ऐकावा. त्यात कान्ये सिंगापूरच्या कार्यक्रमात ऐनवेळी सुचेल तसे गातोय, आपले एकटेपण सांगतोय, आणि समोरचे पब्लिक आनंदाने किंचाळतेय. तो आरडाओरडा त्याने कापला नाही, तसाच ठेवला. स्टेजच्या मागच्या अंगाला उभे राहणाऱ्या आम्हा लोकांना तो आवाज चांगला ठाऊक आहे.

कळावे,
एक ऑक्टोपॅडवादक, चिपळूण