लेख मागवताना अर्धे पान लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नियतकालिकांत लिहिणारे आणि चित्रे काढणारे एका बाजूला, ती छापणारे दुसऱ्या बाजूला. या दोघांमधल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते. काम फोनवर सांगितले जाते आणि सांगणे एवढेच असते : 'पंधरा तारखेपर्यंत एक लेख द्या', 'मुखपृष्ठ तुमच्या पद्धतीने करा'. लेख किती शब्दांचा, चित्राचे माप काय, मानधन किती आणि कधी, हक्क कुणाकडे, काटछाट केली तर दाखवणार का, यातले काहीच कागदावर येत नाही. 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत लेखक-चित्रकारांकडून साहित्य मागवून अंक सजवण्याची परंपरा आहे. इतक्या जुन्या व्यवहाराला अर्ध्या पानाच्या लेखी पत्राची सवय अजून लागू नये, याचे वाईट वाटते. त्या अर्ध्या पानात काय असावे आणि का, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी शब्दसंख्या. 'साधारण अडीच हजार शब्द' असे सांगितलेले असताना साडेतीन हजारांचा मजकूर आला, तर लेखकाला ती उदारता वाटते. पुस्तकी आकाराच्या अंकात एका पानावर सुमारे चारशे शब्द बसतात, म्हणजे हजार शब्दांनी अडीच पाने वाढली. अंक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापला जातो, त्यामुळे अडीच पाने अशी हवेतून काढता येत नाहीत. कुणाची तरी कविता बाहेर जाते, रेखाटन अंगठ्याएवढे होते, नाहीतर शेवटच्या रात्री लेखालाच कात्री लागते. ही कात्री लेखकाने स्वतः चालवलेली केव्हाही चांगली. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला जोडून येतात. त्यामुळे शब्द मोजायला कमी भरतात आणि जागा मात्र पुरेपूर घेतात. म्हणून मागणीपत्रात शब्दांबरोबर अक्षरसंख्याही दिली, तर मांडणी करणाऱ्याचे काम सोपे होते.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत हवा, हे पत्रात ठळक लिहावे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की पडद्यावर नुसत्या रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मग तो युनिकोडमध्ये बदलणारी आज्ञावली, म्हणजे परिवर्तक, वापरायचा आणि खऱ्या चुका तिथे शिरतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती पूर्ण जोडाक्षरानंतर साठवली जाते. परिवर्तकाने ती एकाच व्यंजनापुढे सरकवली की 'स्थिती'मधली पहिली वेलांटी 'स्'ला चिकटते आणि शब्द फुटतो. ही चूक निदान डोळ्यांना खुपते. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतला अर्धा र बिघडला तर तेही होत नाही. युनिकोडमध्येच लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत तो साध्या र, हलन्त आणि एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाने लिहिला जाई. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते चिन्ह गळाले, की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि 'आचाऱ्याला' दिलेली पंगतीची जबाबदारी थेट 'आचार्याला' मिळते. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला काहीच चुकलेले दिसत नाही. हा र फक्त माणूसच पकडतो. म्हणून लेखकाने वर्ड फाइलसोबत त्याच मजकुराची पीडीएफही पाठवावी. नुसती पीडीएफ पाठवू नये, कारण तिच्यातून देवनागरी मजकूर उचलताना जोडाक्षरे तुटतात. वर्ड फाइलमधून जुळणी करायची आणि पीडीएफ शेजारी ठेवून ताडून पाहायची.

फाइलमध्ये सजावट करू नये. चौकटी, रंगीत शीर्षके, जागा सोडण्यासाठी दहा वेळा दाबलेली स्पेस, हे सगळे जुळणीत उपसून काढावे लागते. फाइलच्या नावात लेखकाचे नाव, शीर्षक आणि तारीख असावी. 'लेख अंतिम नवीन दुरुस्त' अशा नावाच्या तीन फाइल आल्या की त्यांतली जुनी छापली जाण्याची भीती खरीच असते.

चित्रांची गोष्ट अधिक नाजूक, कारण लेखातली चूक प्रुफात सुधारता येते, अपुऱ्या मापाचे चित्र सुधारता येत नाही. हिशोब सोपा आहे : छापील माप इंचांत घ्या आणि मासिकाच्या चांगल्या कागदासाठी त्याला ३०० ने गुणा. सात बाय साडेनऊ इंचांच्या मुखपृष्ठाला २१०० बाय २८५० पिक्सेल झाले. त्यात चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर कापणीचा भाग धरला की सुमारे २१७० बाय २९२० होतात. कापणीचा भाग दिला नाही तर कटिंगच्या यंत्रावर कागद केसभर सरकला तरी कडेला पांढरी रेघ उमटते. मुख्य आकृती, सही आणि अक्षरे कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेवावीत. शीर्षपट्टी आणि अंकाचे नाव कुठे बसणार, हे चित्रकाराला आधी कळले पाहिजे. नाहीतर सगळ्यांत जीव ओतलेला चेहरा नेमका नावाखाली जातो.

काळ्या शाईतली रेखाटने ३०० वर स्कॅन केली तर रेषेच्या कडा दातेरी दिसतात. त्यांना ६०० ते १२०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) हवे. वृत्तपत्राच्या कागदाचे उलट आहे. तिथे छपाईच्या ठिपक्यांची जाळी भरड असते, म्हणून छायाचित्राला २०० पुरतात. तो कागद शाई शोषतो, ठिपके पसरतात आणि मधल्या छटा मूळ चित्रापेक्षा काळवंडतात. जलरंगातले किंवा पेन्सिलीच्या हलक्या हाताचे काम पुरवणीसाठी द्यायचे असेल, तर ते एक पायरी उजळ करून द्यावे आणि बारीक रेषा अर्ध्या पॉइंटपेक्षा पातळ ठेवू नये.

रंगांची फसगत पडद्यावर सुरू होते. पडदा प्रकाशाच्या तीन रंगांनी रंग दाखवतो, छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतो. झगझगीत नारिंगी, पोपटी हिरवा आणि गडद निळा या शायांत पकडता येत नाहीत. निळा तर जांभळट होऊन बसतो. चित्र सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या रंगपद्धतीत, बदलून एकदा पाहिले की हा धक्का अंक हातात येण्याआधीच बसतो, आणि तेव्हा उपाय हातात असतो. चित्रावर बारीक अक्षरे असतील तर ती फक्त काळ्या शाईत ठेवावीत. काळा रंग चारही शायांचा मिळून केला आणि एक रंग किंचित सरकला, की प्रत्येक अक्षराला किरमिजी किंवा निळसर सावली लागते. ती वाचताना डोळे दुखतात.

आणि व्हॉट्सॲप! चित्र 'फोटो' म्हणून पाठवले की ते आकसते आणि दाबले जाते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. हे एक वाक्य मागणीपत्रात छापून ठेवले तरी पुष्कळ मुखपृष्ठे वाचतील.

आता हक्क. इथे दोन्ही बाजूंचे गैरसमज खोल आहेत. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्यात २०१२ साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या. नियतकालिकात पगारावर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिले, तर वेगळा करार नसताना नियतकालिकांत छापण्यापुरता हक्क मालकाचा असतो, बाकीचे हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात. बाहेरून लिहिणाऱ्याचा लेख मात्र सर्वस्वी त्याचा. हक्क देऊन टाकायचे असतील तर त्यासाठी लेखकाच्या सहीचा कागद लागतो. श्रेयनामावलीच्या पानावर 'सर्व हक्क संपादकाधीन' असे छापले म्हणजे हक्क हस्तांतरित होत नाहीत. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारत धरला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळे म्हटलेले नसल्यास, हस्तांतरण संपते. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याला तो करार आपोआप लागू होत नाही. जुन्या अंकांतल्या कथा नव्या माध्यमांत आणू पाहणाऱ्यांनी ही तरतूद नीट वाचावी.

चित्रकार आणि छायाचित्रकारांसाठी कायदा याहून कडक आहे आणि तेच त्याबाबत जास्त गाफील असतात. मोबदला देऊन कुणी छायाचित्र काढून घेतले, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतले, तर वेगळा करार नसताना पहिला हक्क करून घेणाऱ्याचा होतो. म्हणजे लेखकाला लेखी कागद नसणे परवडते, मुखपृष्ठ रंगवणाऱ्याला परवडत नाही. 'हे चित्र अमुक अंकाच्या मुखपृष्ठासाठी एकदा वापरण्यास दिले आहे, इतर सर्व हक्क चित्रकाराकडे' हे वाक्य काम सुरू होण्याआधी दोघांच्या सहीने हवे. मूळ कॅनव्हास किंवा कागद कधी आणि कोणाच्या खर्चाने परत येणार, हेही त्यातच लिहावे. चित्र विकत घेणे आणि त्याच्या प्रती छापण्याचा हक्क घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हक्क दिल्यानंतरही नाव मागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. शुद्धलेखन, पुनरुक्ती, जागेपुरती छाटणी हे संपादकाचे कामच आहे आणि चांगला संपादक लाभणे हे लेखकाचे भाग्य. निष्कर्ष फिरवणारा बदल, व्यंगचित्रातली ओळ बदलणे, चित्र आडवे उलटवणे किंवा कडेने कापणे मात्र विचारूनच व्हावे. चित्र उलटवले की डावखुरा माणूस उजवा होतो आणि पाटीवरची अक्षरेही उलटतात. पान लागले की त्याची पीडीएफ पाठवून दोन दिवसांची मुदत दिली तर यातले जवळजवळ सगळे टळते.

लेखकांचीही जबाबदारी आहे. एकच लेख तीन ठिकाणी पाठवून कुणालाच न सांगणे, आधी समाजमाध्यमावर टाकलेला मजकूर 'अप्रकाशित' म्हणून देणे, इंटरनेटवरून उचललेले छायाचित्र 'साभार' लिहून जोडणे, हे थांबले पाहिजे. 'साभार' म्हणजे परवानगी नव्हे. परीक्षणात पुस्तकातल्या काही ओळी उद्धृत करता येतात, पण अख्खी कविता छापायची तर कवीला किंवा वारसांना विचारावे लागते. अनुवादाला मूळ हक्कधारकाची परवानगी हवी आणि ती संपादकाने मागण्याआधी लेखकाने जोडावी. मूळ लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क चालतात. १९६० साली निधन झालेल्या लेखकाचे लेखन २०२० अखेर मोकळे झाले.

राहिले उत्तर आणि मानधन. स्वीकार-नकार किती दिवसांत कळवणार, हा आकडा अर्ध्या पानात असावा. त्या दिवसापर्यंत काही कळले नाही, तर लेखक दुसरीकडे पाठवायला मोकळा. नकार एका ओळीत दिला तरी चालतो, मौन नको. मानधन देता येत नसेल तर तेही आधीच सांगावे. छोट्या अंकांची ओढाताण लिहिणाऱ्यांना कळते, आणि माहीत असूनही पुष्कळजण आनंदाने लिहितात. सहा महिने विचारत राहावे लागते, तेव्हा माणूस दुखावतो. न छापलेल्या, पण मागवून घेतलेल्या कामाचे काय, हाही प्रश्न आहे. मागणीनुसार वेळेत दिलेले चित्र अंकात बसले नाही, तर मानधनाचा ठरलेला भाग चित्रकाराला मिळायला हवा, आणि तो किती हे आधीच ठरलेले असावे.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 'लेखक-चित्रकारांसाठी' अशी चौकट द्यावी, ही विनंती. शब्द आणि अक्षरे, फाइलचा प्रकार, चित्राचे माप, घेतले जाणारे हक्क, उत्तराची मुदत आणि मानधन जमा होण्याची तारीख एवढे त्यात मावते. मानधनाची तारीख कृपया पहिल्या ओळीत असावी.

आपला,
अक्षरजुळणी व मांडणीच्या कामातील एक वाचक