पत्र्याखालचा वर्ग आणि ‘अनुकूल वातावरण’

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महाविद्यालयीन मुलांच्या लेखनाविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख काल दुपारी वाचला. रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं म्हणून आज सकाळी दूध गॅसवर ठेवून पत्राला बसले आहे. दूध उतू गेलं तर त्याचा दोषही लेखकमहाशयांच्या खात्यावर मांडीन.

लेखक विद्वान आहेत, त्यांच्या नावापुढच्या पदव्या मी वाचल्या. त्यांच्या हेतूबद्दलही शंका नाही. पण ‘कोकणासारख्या भागात लेखनाला अनुकूल वातावरणच नाही’ हे वाक्य त्यांनी कुठे बसून लिहिलं, एवढं कळलं तर बरं होईल. लेखनासाठी त्यांना वातानुकूलित प्रयोगशाळा हवी, ध्वनिरोधक भिंती हव्यात, सगळ्या महाविद्यालयांना एकच ध्वनिचित्रफीत दाखवायची सोय हवी. नव्या शैक्षणिक धोरणातल्या लेखनाच्या त्या दोन क्रेडिटांत (श्रेयांकांत) सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्या मुलांनी एकाच नमुन्यावरून निबंध लिहायचा. मसुदा एक आणि मुलंही एकाच साच्यातली, म्हणजे तपासायला सोपं.

मी चिपळूणला बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. पहिली अनेक वर्षं माझा प्रथम वर्षाचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे भूगोलाच्या पुस्तकात असतं. पत्र्याखाली तो कसा पडतो, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. जुलैत एकदा सुरू झाला की पहिल्या बाकावरच्या मुलीलाही माझा शब्द ऐकू जात नसे. पहिल्या वर्षी मी ओरडून शिकवलं आणि आठवड्यात घसा बसला. दुसऱ्या आठवड्यात वैतागून फळ्यावर लिहिलं, ‘आत्ता काय ऐकू येतंय ते लिहा. पाऊस थांबेपर्यंत.’ पाऊस चाळीस मिनिटं थांबला नाही. मुलं लिहीत राहिली, कारण दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. एकाने लिहिलं होतं, ‘आधी वाटलं पत्र्यावर कुणीतरी तांदूळ ओततंय, मग वाटलं तांदळात खडी निघाली.’ हा मुलगा बारावीला मराठीत जेमतेम पास झाला होता.

मग ती पद्धतच पडली. पाऊस आला की मी गप्प आणि मुलं लिहिणार. गणपतीच्या सुट्टीपर्यंत प्रत्येकाच्या वहीत दहा-बारा पानं स्वतःची झालेली असत. वह्या दमट, शाई फुटलेली, पण मजकूर त्यांचा. पुढे इमारत झाली, डोक्यावर स्लॅब आला, सगळं छान ऐकू यायला लागलं, आणि मी बोलायला लागले. मुलांची पानं दहावरून तीनवर आली. हे मला कळायलाही दोन-तीन वर्षं गेली. ध्वनिरोधक भिंतींचं वाचून जे हसू आलं ते यामुळे.

पत्र्याखाली सगळं सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. गळायचं, साप निघायचे, मार्च-एप्रिलमध्ये आत बसवत नसे. साडेचारची एसटी चुकली तर दसपटीकडच्या मुली रात्री आठ वाजता घरी पोहोचायच्या, म्हणून शेवटचा तास कायम अर्धाच. लावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात. पण लेखन शिकवायचं तर या सगळ्याला धरूनच शिकवावं लागतं. लावणीहून आलेल्या मुलाला मी विचारायची, तरवा, म्हणजे भाताची रोपं, कसा काढतात ते मुंबईच्या मामेभावाला समजेल असं लिही. आमच्या पुस्तकात ‘कृती क्रमवार लिहा’ या धड्याखाली एटीएममधून पैसे काढण्याचं उदाहरण होतं. तेव्हा माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी एटीएमचं कार्ड नव्हतं. त्याऐवजी मी आंब्याची पेटी कशी भरतात ते लिहायला सांगितलं. एका मुलीने देठासकट काढण्यापासून पेंढ्याच्या थरापर्यंत सगळं बिनचूक लिहिलं आणि मध्येच एक वाक्य टाकलं, ‘चीक लागला की आंबा काळा पडतो आणि तो बघून बाबाही.’ क्रमही साधला आणि बाबाही आले. या वाक्यासाठी कुठली ध्वनिचित्रफीत दाखवणार?

खरी अडचण वेगळीच आहे आणि लेखकांनी तिला हातच लावलेला नाही. पहिल्याच आठवड्यात ‘माझे गाव’ लिहायला दिलं की साठांतल्या पन्नास वह्यांत पहिलं वाक्य एकच असे, ‘माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे.’ पुढे नारळी-पोफळीच्या बागा, फेसाळता समुद्र, प्रेमळ माणसं. लिहिणारा घाटाच्या पायथ्याचा, त्याच्या वाडीत औषधालाही पोफळ नाही आणि समुद्र त्याने सहलीत पाहिलेला. हे गाव गाईडातलं. त्याच्या स्वतःच्या गावात पाखाडी आहे, पऱ्या आहे, मांगर आहे, मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं आहेत. पण हे ‘निबंधात लिहायचं नसतं’ असं त्याला कुणीतरी शाळेपासून सांगितलेलं असतं. ‘निसर्गरम्य’ या शब्दावर माझ्या वर्गात बंदी होती आणि तो वापरणाऱ्याला सगळ्यांसाठी शेंगदाणे आणावे लागत. पहिल्या महिन्यात आम्ही पुष्कळ शेंगदाणे खाल्ले.

आता ज्या गोष्टीमुळे मी एवढी चिडले आहे ती सांगते. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच वर्षी दिवाळीनंतर एका संस्थेने आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धा घेतली. संस्थेचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं भली आहेत, प्रमाणपत्रंही जाड कागदावर छापतात. विषय होता, ‘पावसातील एक संध्याकाळ’. माझ्या तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने २२ जुलैची संध्याकाळ लिहिली. घरात पाणी, तो आणि आई माळ्यावर, खाली अंधारात भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज, आणि आईच्या मांडीवर तांदळाचा डबा, जो तिने रात्रभर खाली ठेवला नाही. त्यांच्या दाराच्या चौकटीवर त्याची दरवर्षीची उंची पेन्सिलने लिहिलेली आहे, पहिलीपासून. पाणी उतरल्यावर त्याने पाहिलं. त्याचं वाक्य मला पाठ आहे, ‘गढूळ रेघ अकरावीतल्या माझ्याहून चार बोटं वर होती. वडील म्हणाले, ही पण लिहून ठेव, तारीख घाल.’

निबंध परत आला. समारोपात परीक्षकांचा शेरा : ‘लेखनात सौंदर्यदृष्टीचा अभाव. विषय पावसातील संध्याकाळ असा होता, पुराची बातमी अपेक्षित नव्हती.’ ‘रेंदा’ या शब्दाखाली लाल रेघ आणि वर दुरुस्ती, ‘चिखल’. अहो, चिखल पायाला लागतो. रेंदा घरात शिरतो, फावड्याने काढावा लागतो, आणि काढून झाल्यावरही महिनाभर त्याचा वास जात नाही. मुलाने शब्द नेमका वापरला होता. ज्यांना नेमका शब्द माहीत नव्हता त्यांच्या हातात लाल पेन होतं. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं त्यात मरीन ड्राइव्ह, वाफाळता चहा, कांदाभजी आणि ‘मन चिंब भिजले’ होतं. भज्यांशी माझं वैर नाही. पण एका मुलाने आपल्या जागेवर उभं राहून लिहिलं म्हणून तो बाद, आणि दुसऱ्याने हजारदा लिहिलं गेलेलं पुन्हा लिहिलं म्हणून पहिला! तो मुलगा नंतर माझ्याकडे आला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘मॅडम, पुढच्या वेळी भजी घालतो.’

हेच परीक्षक उद्या लेखकमहाशयांच्या त्या एकाच नमुन्याचा मसुदा करायला बसणार, हे मला आत्ताच दिसतं आहे.

लेखात आणखी एक वाक्य आहे, ‘अशा भागांत ग्रंथालयसंस्कृती रुजलेली नाही’. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली सुरू झालं. मुंबई विद्यापीठानंतर अवघ्या सात वर्षांनी. २००५ च्या जुलैत त्यात पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं. २०१३ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन याच गावात झालं. लेखक तेव्हा आले होते का? आले असतील तर त्यांनी बाजारपेठेतल्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा पाहिल्या असतील, कारण २००५ च्या तेव्हाही पुसल्या गेल्या नव्हत्या.

वातावरण म्हणजे इमारत, असं मानून चालायचं असेल तर १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढायलाच नको होतं. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती. खेड्यांतून, महारवाड्यांतून आलेली मुलं तिथे शिकली. त्यांना आपल्या जगण्याविषयी लिहिण्यासारखं आहे हे म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या शिक्षकांनी पटवलं, आणि पुढे दलित साहित्याने मराठी साहित्याचा नकाशा बदलला. मिलिंदच्या वसतिगृहात एसी होता की नाही ते लेखकांनीच शोधावं. नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्या परिसरात, पावसाचा त्रास आमच्याइतका नसावा एवढं मान्य.

तर माझी विनंती एवढीच, की लेखकमहाशयांनी येत्या जुलैत दोन दिवस इकडे यावं. राहण्याजेवणाची सोय माझ्याकडे. मी आता निवृत्त आहे, पण एका ओळखीच्या शाळेत अजून पत्र्याची एक खोली शिल्लक आहे. त्यांनी तिथे आपली ध्वनिचित्रफीत लावून दाखवावी. तो निबंधही मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे, लाल रेघेसकट. विद्यार्थ्याची परवानगी घेऊन त्याची झेरॉक्स त्यांना देईन.

आपली,
एक निवृत्त मराठी प्राध्यापिका
चिपळूण

ता.क. : आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर गेल्या महिन्याभरात मी सात वेळा ‘चिपळुण’ वाचलं, एकदा तर मोठ्या मथळ्यात. चिपळूण, ळू दीर्घ. ‘चिपळुणात’ म्हणताना मात्र ऱ्हस्व. प्रथम वर्षाच्या पहिल्या चाचणीत हा प्रश्न मी दरवर्षी विचारायची आणि तो बहुतेकांना यायचा, पत्र्याखालीसुद्धा. आपल्या कचेरीत एसी असेलच.