एफडी मोडू नका, मी मजेत आहे

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. (हा बाबांसाठी. आई, तुला नुसती मिठी.)

परवा फोनवर सांगितलं तेव्हा बाबा "हं, बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, आणि आईने लगेच "जेवलीस का" विचारलं, तेव्हाच मला कळलं की बातमी पोचलीये पण उतरलेली नाहीये. फोनवर मी बोलायला लागले की माझंच लांबत जातं आणि तुम्ही दोघं गप्प होता, म्हणून लिहितीये. बाबा, लाल पेन खाली ठेवा, हे तपासायचं नाहीये.

तर नोकरी सोडली. मार्चअखेरचं क्लोजिंग संपवून, सगळी खाती नवीन मुलाच्या हातात देऊन रीतसर निघाले, कोणाशी भांडून वगैरे नाही. आता रिठा, बायोएन्झाइम (फळांच्या साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी) आणि कापडी पिशव्या हेच पूर्ण वेळचं काम. ठरवून झालंय, त्यामुळे आत्याला मध्ये घालू नका प्लीज, तिचा फोन काल येऊन गेला आणि तिने पाऊण तास मला पेन्शन समजावून सांगितली, जी मला त्या नोकरीत तशीही नव्हती.

आधी पैशाचं सांगते, कारण बाबांना बाकी काही ऐकू येणार नाही तोवर. तुमच्या खात्यात दर महिन्याला येतात ते तसेच येत राहणार. त्याला धंद्याचा हात लागत नाही, वर्षभराचे मी आधीच वेगळे काढून ठेवलेत. पोळीवाल्या काकूंना बंद करायचं नाही. आईच्या गुडघ्याची औषधं, तेलमालीश करायला येतात त्या ताई, सगळं चालू राहणार. इन्व्हर्टरचं मी दुकानदाराशी बोललीये, तो या आठवड्यात माणूस पाठवेल, त्याला "आत्ता नको, पावसाळ्यात बघू" म्हणून परत पाठवू नका. आणि इकडे जावईबापूंची नोकरी शाबूत आहे, पिल्लूची फी भरून झालीये, आम्ही दोन्ही वेळा भाजी-पोळी खातोय. खरं तर आता जास्त नीट खातोय, कारण दुपारचं जेवण मी गाळ्यावर गरम करून घेते, ऑफिसात साडेतीनला गार डबा उघडायचे ते संपलं.

कर्ज काढलेलं नाही. उद्यम रजिस्ट्रेशनला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला, एक पैसा लागत नाही, ते फोनवरून झालं. जीएसटी नंबर घेतलाय. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत तो लागत नाही, पण बेळगावच्या मावशीने तिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना ऑर्डरी द्यायला लावल्या आणि माल राज्याबाहेर गेला की उलाढाल कितीही असो, नंबर हवाच. मावशीमुळे मी कायदेशीर झाले असं समजा. मामाच्या पोल्ट्रीसारखं होणार नाही, बाबा. तेव्हा वहीच कोणी लिहीत नव्हतं. इथे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या लिहून हात मोडलेली बाईच मालकीण आहे.

आणि ती एफडी. आईने हळूच सांगितलं मला, बाबा बँकेत जाऊन विचारून आले म्हणून, की मुदतीआधी मोडली तर किती व्याज कापतात. नाही मोडायची. मला खूप भरून आलं ऐकून, खोटं कशाला बोलू, गाळ्याचं शटर ओढून थोडी रडलेपण. पण नको. ते तुमचे आहेत, दवाखान्याचे आणि तिरुपतीचे. मला लागले तर मी मागेन, मागायला लाजणारी मी नाही हे सायकलच्या वेळी तुम्ही बघितलंय.

आता आई, तुझ्यासाठी, कारण तुला वाटतं मी दिवसभर मोसंबीच्या साली चिरत बसते. चिरतो आम्ही, पण सकाळी तासभर. कोपऱ्यावरचा ज्यूसवाला रात्री गोणी भरून ठेवतो (आधी फुकट द्यायचा, आता आम्ही धंदा करतो हे कळल्यापासून त्याला चहापाणी लागतं). गूळ १, साली ३, पाणी १०, एवढंच माप. कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, वर जागा ठेवायची आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. झाकण फिरवलं की फुस्स होतं आणि सगळ्या गाळ्यात आंबट-गोड वास सुटतो, तुझ्या लिंबाच्या लोणच्याची बरणी पहिल्यांदा उघडल्यावर यायचा त्याच्या जवळपासचा. तीन महिने थांबायचं. वर पांढरा पापुद्रा आला तर चालतो, काळी बुरशी आली तर ती काढून पुन्हा थोडा गूळ. लोक येतात आणि विचारतात, पर्यावरणाचं काम करता आणि प्लॅस्टिकचे कॅन कसे? अहो, काचेच्या बरणीत गॅस कोंडला तर बरणी फुटते, आणि हे कॅन हॉटेलवाल्यांचे तेलाचे जुने आहेत, आम्ही नाही घेतले तर भंगारात जाणारे. दर वेळी हे सांगून तोंड दुखतं.

रिठ्याचं मात्र सगळं तुझंच आहे. रात्री भिजत घालायचा, सकाळी उकळायचा, हाताने कुस्करायचा, गाळायचा. मला रविवार आठवतात, तू न्हाणीघरात पाटावर बसवून डोकं धुवायचीस, डोळ्यात गेलं की मी अख्खी गल्ली गोळा करायचे आणि तू पदराचं टोक ओलं करून डोळ्यावर धरायचीस आणि म्हणायचीस, झालं झालं, गेलं गेलं. रिठ्याच्या काळ्या बिया मी तुझ्या कुंकवाच्या डबीत जमवलेल्या. आता गाळ्यावर दोघी वहिनी बिया काढायला बसतात तेव्हा पिल्लूपण खिशात भरून नेतो, काय करतो देव जाणे, वॉशिंग मशीनमध्ये सापडतात.

पण रिठ्याचं पाणी बाहेर तीन-चार दिवसांत खराब होतं, हेही तुला माहितीये. म्हणून लिक्विड फक्त पुण्यात देतो, काचेच्या बाटलीत, बाटली परत आणली की पैसे कमी. बाहेरगावी नुसती टरफलं नाहीतर पावडर. मोठमोठ्या शब्दांची लेबलं लावत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढलेत की पुराव्याशिवाय इको-फ्रेंडली, ग्रीन असलं काही छापायचं नाही, आणि मला तो नियम आवडला, कारण "केमिकल फ्री" लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, पाणीसुद्धा केमिकलच आहे असं बाबा आठवीच्या वर्गाला सांगायचे. आम्ही आत काय आहे ते लिहितो, बास. बायोएन्झाइम जंतुनाशक आहे असं कोणी विचारलं तर नाही म्हणून सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

बाबा, आता तो मुद्दा जो तुम्ही बोलला नाहीत पण दादाकडे बोललात. "आणि ते ब्लॉगवर लिहीत काय बसते दर आठवड्याला, त्याचे कोण पैसे देतं?"

कोणी देत नाही. पण गिऱ्हाईक त्यानेच येतं. बघा, जाहिरात लावली तर पैसे भरेपर्यंत चालते. रील टाकला तर दोन दिवस लोक बघतात, मग तो कुठे जातो कळत नाही. ब्लॉग हळू चालतो, पहिले काही महिने तर मी, जावईबापू आणि बेळगावची मावशी असे तीनच वाचक होतो असं म्हणायला हरकत नाही. पण लिहिलेलं जात नाही कुठे. पावसाळा लागला की "कपड्यांना कुबट वास" शोधत लोक येतात, गणपतीच्या आधी "समई कशी घासायची" वाचायला येतात, लिहून कितीतरी दिवस झालेले असतात आणि कोणालातरी आज त्याची गरज असते. त्यातले काही विकत घेतात, बरेच घेत नाहीत, घरीच करतात. करू देत. कृती मी पूर्ण देते, काही लपवत नाही, दादा म्हणतो हा मूर्खपणा आहे. पण घरी एकदा तीन महिने कॅन सांभाळून बघितला की अर्धे लोक पुढच्या वेळी आपल्याकडूनच घेतात, हे दादाला सांगा.

सगळ्यात जास्त काय वाचलं जातं माहितीये? आपला ओटा! एन्झाइम आंबट असतं आणि कडप्पा, शहाबादी फरशी, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड, आंबट पडलं की खातं त्यांना. आईच्या ओट्यावर लिंबू पिळायच्या जागी ते पांढरे डाग आहेत ना, ज्यावरून तू आम्हाला रागवायचीस, त्याचाच फोटो टाकून लिहिलं, की टाइल चालेल, या दगडांवर हे वापरू नका. म्हणजे माल वापरू नका असं सांगणारा लेख सगळ्यात चालला. त्याखाली एका बाईंनी लिहिलं, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून बाथरूमसाठी पाच लिटर पाठवा.

आणि नियम म्हणाल तर तो तुमचाच उचललाय. तुम्ही शाळेत रोज प्रार्थनेच्या आधी फळ्यावर सुविचार लिहायचात, पाऊस असो, शिपाई आलेला नसो, चिकुनगुन्याने बोटं वाकत नव्हती तेव्हाही डाव्या हाताने लिहिलात आणि पोरं हसली. मी बुधवारी सकाळी टाकते. सुचलं नाही तर वहीतून काढते, गिऱ्हाइकांनी फोनवर विचारलेला एकेक प्रश्न मी वहीत लिहून ठेवते, त्यामुळे विषयाला तोटा नाही, वेळेचाच असतो. जादाचे दोन-तीन लिहून ठेवलेले असतात, पिल्लू आजारी पडला की कामाला येतात. फोनमध्ये बोलून टाइप करते, तो मेला रिठा म्हटलं की रीटा लिहितो, त्यामुळे एका लेखात रीटाला रात्रभर भिजत घाला, सकाळी उकळा असं गेलं होतं. ते दुरुस्त करायला कोणीतरी पाहिजे.

म्हणून बाबा, तुम्हाला काम. लाल पेन उचला आता. दर मंगळवारी संध्याकाळी मी लेख व्हॉट्सअॅपवर पाठवीन, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि रात्री आठपर्यंत परत पाठवायचं. भाषा अवघड करायची नाही, "स्वच्छ" चालेल, "निर्मळीकरण" नको. पण त्याच्या आधी मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगून किती दिवस झाले, तुम्ही मिरजेत राहता, लोक कुठून कुठून दवाखान्यासाठी मिरजेला येतात आणि तुमचं आपलं "अजून दिसतंय की". तारीख घ्या, मी येते. आता मला रजा मागायला लागत नाही, हा नोकरी सोडल्याचा पहिला फायदा तुम्हाला. लॅपटॉप घेऊन येईन, आठवडाभर राहीन, गाळा वहिनी बघतील, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आई, तुझं: बीपीची गोळी सकाळची सकाळीच, देवपूजा झाल्यावर नाही. पालथी मांडी घालून भाजी निवडायची नाही, खुर्ची दिलीये ती कपडे टाकायला नाही. मागच्या वेळी ठेवलेल्या कॅनमधलं फक्त बाथरूमच्या टाइल्सला, एक झाकण एका बादलीला, ओट्याला आणि मधल्या घरातल्या शहाबादीला अजिबात नाही, साधं पाणी आणि फडकं पुरे. आणि माझ्या ऑर्डरी कमी होतील म्हणून शेजारच्या काकूंना जबरदस्तीने पावडर खपवू नकोस, त्यांनी मला फोन करून सांगितलंय.

तुम्हाला काळजी वाटणार, मला माहितीये. मलापण वाटते, महिन्याच्या २० तारखेनंतर जरा जास्त. तुमच्या पिढीत नोकरी म्हणजे काय होतं हे मला कळतं, बाबा दोन वर्षं विनाअनुदानित होते तेव्हाचं आईने सगळं सांगितलंय, अगदी त्या बांगड्यांचंसुद्धा. त्यामुळे तुमचं "हं, बरं" मला लागलं नाही. चारचौघांत कोणी विचारलं तर "मुलीने नोकरी सोडली" म्हणायला जड जात असेल तर म्हणू नका, "तिचा स्वतःचा व्यवसाय आहे" म्हणा, तेही खरंच आहे.

आई, तू दिलेल्या जुन्या साड्यांतल्या सुती तेवढ्याच पिशव्यांना घेतल्या. तुझी जांभळी इरकल मी कापायला दिलेली नाही, ती कपाटात ठेवलीये, मागू नकोस परत. अजून काही सुती असतील तर बांधून ठेव, शनिवारी दादाचा मित्र गाडीने पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दे. रिठा सांगलीच्या बाजारात इथल्यापेक्षा स्वस्त पडतो का तेवढं बाबा विचारून या, पाच किलोचा आणि पोत्याचा असे दोन्ही भाव, आणि रिक्षाने जा, चालत नाही.

तुमची,
चिमी

ता. क. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख बुधवारी आली तर चालेल. त्या आठवड्याचा लेख आधीच लिहून ठेवलाय.