जुन्या ट्रकचा सेल्फ आणि चार्जिंग : बॅटरीवाल्या चाचांना आभारपत्र

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

कळंबोलीत तुमच्या गाळ्यावर २४ व्होल्टच्या जुन्या गाड्या ‘बॅटरी गेली’ म्हणून येतात आणि बऱ्याचदा त्याच बॅटऱ्यांवर परत जातात. नव्या विकून तुम्हाला चार पैसे जास्त सुटले असते. तुम्ही मात्र मीटर लावता, आकडा दाखवता, आणि तो कसा घ्यायचा हे ड्रायव्हर-क्लीनरलाही शिकवता. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं रस्त्यावरच्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, कान देऊन ऐकायला तुम्ही शिकवलंत. टकटकटक असा झपाझप आवाज येत असेल तर सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतोय, पण व्होल्टेज कोसळून लगेच सुटतोय. म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा जोड खराब. एकदाच जोरात ‘टक्’ होऊन सगळं शांत, तर सॉलेनॉइडचे काँटॅक्ट जळालेत किंवा सेल्फचे कार्बन (करंट आत पोचवणारे ब्रश) झिजलेत. सेल्फ नुसताच गरगरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे इंजिनच्या दात्यांत अडकणारं सेल्फचं गिअर, बघायचा. काहीच आवाज नसेल तर क्लीनरला चावी फिरवायला सांगून सॉलेनॉइडच्या ५० नंबर टर्मिनलवर, जिथे चावीची वायर येते तिथे, व्होल्ट मोजायचे. जुन्या गाडीत झिजलेला स्विच आणि केबिनपासून आलेली लांब बारीक वायर मिळून तिथले व्होल्ट खातात; मधे रिले (छोट्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच) टाकला की सॉलेनॉइडला पुरा करंट मिळतो. आणि इंजिन जोमात फिरूनही पेट घेत नसेल तर आधी डिझेलची लाइन, त्यातली हवा आणि इंजिन बंद करणारी स्टॉपची केबल तपासायची.

सेल्फ जड फिरतो, हे दुखणं सगळ्यात जास्त फसवतं. इथेच नव्या बॅटऱ्या फुकट घेतल्या जातात. स्टॉप ओढून धरायचा म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवायची. क्लॅम्पवर नाही, कारण खुंटी आणि क्लॅम्पमधला मळच आपल्याला पकडायचा असतो. काळी पिन सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, जिथे बॅटरीची जाड केबल येते तिथे. आता सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असेल तर केबल ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर त्या बाजूचा एकेक जोड खोलायचा. मग तसंच मायनसच्या खुंटीपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत. जुन्या गाडीत दोष बहुतेक याच बाजूला सापडतो, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि इंजिन-चेसिसमधली अर्थची पट्टी गंजून अर्धी तुटली तरी कुणाचं लक्ष जात नाही. तुमचा हिशोब आमच्या डोक्यात पक्का बसलाय : सेल्फ ३०० अँपिअर ओढत असताना एखाद्या जोडात एका ओहमचा पाचशेवा हिस्सा अडथळा असला तरी ०.६ व्होल्ट आणि १८० वॉट तिथेच जळतात. सेल्फ मारल्यावर जो जोड हाताला गरम लागतो, तोच गुन्हेगार. चेसिसचा रंग खरवडून, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घासून, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली की काम संपलं. मोजमाप दोन्ही बाजूंनी बरोबर आलं, बॅटऱ्याही भरलेल्या आहेत आणि तरी सेल्फ जड, तरच तो उतरवायचा. बहुधा बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आत घासत असतो.

२४ व्होल्टसाठी सीरिजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर आम्हा कित्येकांना उमगलीच नसती. टेप आणि मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढायची पद्धत सगळीकडे आहे. ती वायर चेसिसकडच्या, म्हणजे जिचा मायनस चेसिसला आहे त्या बॅटरीला रोज थोडी थोडी उतरवते. चार्जिंगचा करंट मात्र सीरिजमुळे दोघींतून सारखाच जातो, आणि चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या कटआउटला फक्त दोघींची बेरीज दिसते. बेरीज २८ भरली की तो थांबतो. पण त्यात एकीला १३ आणि दुसरीला १५ मिळत असतात. पहिली कायम उपाशी राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, दुसरी उकळून पाणी पिते. म्हणून रात्रभर उभ्या गाडीवर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. बेरीज २४.९ दिसली म्हणून समाधान मानायचं नाही, एक १२.८ आणि दुसरी १२.१ असू शकते. मग ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनं प्रत्येक सेल बघायचा. एकाच बॅटरीत एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असेल तर ती गेली. बदलताना जोडीच बदलायची, सारख्या अँपिअर-अवरची. आणि टेपला २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवायचा. त्याचा खर्च एका बॅटरीपेक्षा कितीतरी कमी.

चार्जिंगचं तुम्ही थोडक्यात सांगता, तसंच इथे लिहितो. इंजिन अंदाजे १५०० आरपीएमवर ठेवून बॅटऱ्यांच्या टोकांना २७.५ ते २८.५ यायला हवेत. अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, बोलीत डायनामो) २८ पण बॅटरीवर २६.५, तर मधली वायर. दोन्हीकडे २५ आणि उतरतेच आहेत, तर आधी बेल्ट, मग कार्बन. चावी लावल्यावर चार्जिंगचा दिवाच लागत नसेल तर आधी बल्ब बदलून बघायचा, कारण बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीचा फील्ड करंट त्याच बल्बमधून मिळतो. २९ च्या वर जात असेल तर कटआउट, नाहीतर बॅटऱ्या उकळतील. मीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरमधले एसीचं डीसी करणारे डायोड.

चालू गाडीची बॅटरी-वायर काढून ‘डायनामो चालतो का’ बघायची सवय तुम्ही आमच्याकडून कायमची सोडवलीत, याचे आभार वेगळे मानायला हवेत. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि डायोड, कटआउट दोन्ही उडू शकतात. कटऑफ स्विचही इंजिन बंद झाल्यावरच फिरवायचा. बॉडीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवायच्या. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारायचा, मग मिनिटभर थांबायचं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, ॲसिड नाही.

तुमच्या हाताखालच्या पोरांनाही आमचे आभार पोचवा. स्लिप रिंग पॉलिश पेपरनं साफ करणं, कार्बनच्या स्प्रिंगचा दाब बघणं, थिंबल नुसती न दाबता नीट क्रिंप करणं, म्हणजे हत्यारानं वायरवर पक्की आवळणं, ही कामं तीच करतात, आणि बिलावर त्यांची ओळही नसते.

आपले,
जुन्या गाड्यांचे मालक, ड्रायव्हर आणि क्लीनर