नाशिकला द्राक्षाची सहल, मग वेंगुर्ल्यात काजूच्या बोंडूची का नको?

महोदय,

वायनरी आणि द्राक्षबागांच्या एकदिवसीय सहलींवर हल्ली बरंच छापून येतं. त्यावरची वाचकांची पत्रं मी आवडीनं वाचते. एकाला त्यात संस्कृती बुडताना दिसते, दुसऱ्याला सरकारचा महसूल. त्या बागेत वर्षभर राबणाऱ्या माणसाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. मी स्वतः वेंगुर्ले तालुक्यातली काजू बागायतदार आहे, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच गेली.

लेकीचं सासर नाशिकला. गेल्या फेब्रुवारीत तिनं मला आणि विहीणबाईंना अशा एका सहलीला बसवून दिलं. सकाळी शहरातून छोटी बस, गंगापूर धरणाच्या बाजूच्या दोन वायनरी, मध्ये जेवण आणि दिवेलागणीला घरी. आम्ही दोघीही न पिणाऱ्या. विहीणबाई तर एकादशी करणाऱ्या. कोणी ओळखीचं भेटेल या धास्तीनं त्यांनी अर्धा रस्ता पदर डोक्यावरून घेतला होता. भेटल्याच. त्यांच्या भिशीतल्या दोघी मागच्या सीटवर!

पहिल्या ठिकाणची गाइड पोरगी दिंडोरीकडची, घरची द्राक्षबाग असलेली. तिनं आम्हाला आधी पेले दाखवले नाहीत, थेट वेलींच्या ओळीत नेलं. वाइनचं द्राक्ष आपण खातो त्याच्यापेक्षा लहान, सालीला जाड, आत बिया, पण गोडीला जास्त. एक काळा मणी तिनं तळहातावर पिळून दाखवला, तर रस पांढुरका. रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाइनचा रस सालीसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाइनचा रस आधीच सालीपासून वेगळा करतात, हे तिनं त्या एका मण्यावर समजावलं. मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून त्यावर रसाचा थेंब टाकला आणि साखर किती चढली ते आम्हाला उजेडाकडे धरून वाचायला लावलं. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून एप्रिलात एक छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरात दुसरी फळासाठी. छाटण्या दोन, पीक मात्र एकच. अवकाळी पाऊस आला की काय होतं, तेही तिनं सांगितलं. तेव्हा तिचा आवाज जरा बदलला. मला त्याचं काही वेगळं कारण विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी उलट. गाइड पाठ केलेलं घडाघडा बोलला, वेली काचेतून दाखवल्या आणि दहा मिनिटांत आम्ही विक्रीच्या दुकानात. बागेत माणसं किती, द्राक्ष कुठून येतं, हे कोणीतरी विचारलं तर ‘ते मॅनेजमेंटला माहीत’. टाक्या तिथेही तशाच चकचकीत आणि डोंगराचा देखावाही सुरेखच होता. पैसे दोन्हीकडे सारखेच गेले, पण घरी येऊन आम्ही बोललो ते त्या पोरीबद्दल.

चाखण्याचंही सांगते, कारण लोकांना तिथं दारूचा गुत्ता असतो असं वाटतं. पेल्यात दोन घोट ओततात, वास घ्यायला लावतात, नको असेल तर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. बसमधल्या एका मुलाला एकवीस पूर्ण नव्हती, त्याला आणि आम्हा दोघींना द्राक्षाचा रस दिला. आणि पिणारे सगळे बसनं आलेले, गाडी चालवत परत जाणारा कोणी नाही. सहलीचा हा मला सर्वात मोठा फायदा वाटतो.

आता आमच्याकडचं. मार्च-एप्रिलात काजूच्या बागेत बोंडूंचा, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळांचा, खच पडतो. आम्ही बी पिळून काढून घेतो, बोंडू तिथंच टाकतो. आज पडलेला बोंडू उद्या टिकत नाही. दोन दिवसांत आंबूस वास, माश्या आणि मग दावं तोडून आलेली गुरं. नाशकात टाक्यांच्या खोलीत शिरले तेव्हा नाकात तोच वास भरला. हेच फळ बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात गेलं की मळून त्याचा रस काढतात, रस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचं उर्राक आणि पुन्हा गाळली की फेणी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती भट्टी बघायला पर्यटक पैसे मोजतात, आणि त्यातले कितीतरी तारकर्लीहून आमच्या बागांच्या मधल्या रस्त्यानंच तिकडे गेलेले असतात.

बोंडूचं मद्य करण्याच्या परवान्याचं घोंगडं आमच्याकडे भिजत पडलेलं आहे. 2022 साली काजूबोंडं आणि मोहफुलांच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, पण माझ्या बागेतला बोंडू अजून मातीतच जातो. त्यावर भांडायला संघटना आहेत. माझं म्हणणं, परवान्याची वाट बघत सहल अडवून ठेवू नका. थेंबभर मद्याशिवायही इथं दिवस भरून दाखवता येईल.

सकाळी बाग. वेंगुर्ला-4 चा लाल बोंडू आणि वेंगुर्ला-7 चा पिवळा बोंडू शेजारी शेजारी दाखवा. दोन्ही जाती इथल्याच फळ संशोधन केंद्रातल्या. मीठ लावून फोड खायला द्या, घशाला खवखव लागली की ती कशानं ते सांगा. मग काजूचा कारखाना. आख्ख्या बीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बी आधी वाफवायची आणि मग एकेक कापायची. कापणाऱ्या बायकांची बोटं बघा म्हणावं. पाकिटावर 320 लिहिलेलं असतं ते म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर. आकडा लहान तितका गर मोठा; 180 चा गर हातात घेतला की त्याचा भाव कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुपारी ओल्या काजूची उसळ आणि सोलकढी. एप्रिल उजाडला असेल तर कोकमाची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात कशी घालतात, ते खळ्यात दिसेलच. वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला मानांकनं मिळाली आहेत. मानांकनाची प्रमाणपत्रं कार्यालयात टांगण्यापेक्षा ही सहल त्यांच्या जास्त कामाची.

‘बोंडू बघूक कोण येतलो?’ असं आमच्या वाडीत विचारतात. द्राक्ष बघायला कोण जाईल, असं नाशकातही कधीतरी कोणी म्हटलं असेलच की. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे, आणि अजून पाहुण्याला किल्ला, बोट आणि मासे यापलीकडे आम्ही फारसं काही दाखवत नाही. कृषी पर्यटनाचं धोरण 2020 मध्ये आलं, पण त्यातून मला दिसल्या त्या मुख्यतः राहायच्या खोल्या. बाग खिडकीतून बघायची.

एक गोष्ट मात्र आधी ठरली पाहिजे. हंगामात बी वेचायला माणूस मिळत नाही. अशा दिवसांत वीस पाहुणे बागेत फिरवायचे म्हणजे बागायतदाराचं अर्ध्या दिवसाचं काम बुडतं. त्याला माणशी किती मिळणार हे लिहून ठरवा. नाहीतर मुंबईचा एजंट पैसे घेईल आणि बागवाल्याच्या हातात चहापाण्याचे टेकवेल. गाइडही बाहेरून आणू नका. बागायतदारांची शिकलेली मुलं-मुली घरात आहेत; दापोलीच्या कृषी विद्यापीठानं आणि वेंगुर्ल्याच्या केंद्रानं त्यांना महिनाभर शिकवावं, पर्यटन महामंडळानं ओळखपत्र द्यावं. घोकंपट्टीवाला गाइड कसा असतो ते मी बघून आले आहे.

फेरी कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनवरून बसनंच सुटावी. आमच्या वाड्यांचे रस्ते समोरून दुसरी गाडी आली की रिव्हर्स घ्यायला लावणारे. वीस जणांच्या पाच गाड्या तिथं मावायच्या नाहीत. बायकांसाठी वाटेत दोन ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह हवं, ते नसेल तर माझ्यासारख्या बायका येणारच नाहीत. आणि तारखा हंगाम तोंडावर आल्यावर जाहीर करू नका. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. मार्चच्या फेऱ्यांचं वेळापत्रक डिसेंबरात छापून आलं, तरच मुंबईच्या माणसाला तिकीट मिळेल.

– एक काजू बागायतदार, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग