आवाज वीस मिनिटांनी फाटतो

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

आपला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ बोलू लागला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. बाबा, फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी "बघतेय" एवढंच म्हणाले, कारण जे सापडलं ते फोनवर धड सांगता आलं नसतं. आणि आई, हे पत्र खरं तर तुझ्यासाठी आहे. का ते पुढे येईलच.

इथे आणल्यावर चार दिवस मी त्याला वीजच दिली नाही. इतकी वर्षं बंद राहिलेल्या संचाचं बटण थेट दाबायचं नसतं. घरघर घालवणाऱ्या फिल्टरच्या मोठ्या कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर नुसत्या पडून राहण्यानं क्षीण होतो. त्याला एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट मिळाले की तो शॉर्ट झाल्यासारखा वागतो आणि स्वतःबरोबर रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हला, कधीकधी ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. म्हणून आधी मागचं झाकण काढलं, मऊ ब्रशनं धूळ झाडली. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं. तीन तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे एकच नोंद: ईएल ८४ बदलला. खाली चौथ्या ओळीत नुसतंच "पुन्हा".

त्या "पुन्हा"पाशी मी बराच वेळ बसून राहिले. ईएल ८४ हा स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह. एकच व्हॉल्व्ह तीन वेळा जातो, तेव्हा तो स्वतःहून मरत नसतो, त्याला कुणीतरी मारत असतं.

पण त्याच्या मागे लागण्याआधी संच सुरक्षितपणे चालू व्हायला हवा होता. मेन्सच्या वायरीचं आवरण हाताला लागताच भुगा होत होतं, ती बदलली. रेक्टिफायर, म्हणजे ईझेड ८१, काढून ठेवला आणि मेन्समध्ये साठ वॉटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, संच वाचतो. आमचा बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. बाकीच्या चारही व्हॉल्व्हची फिलामेंट हळूहळू तांबूस झाली. बाबा, तो अंधारातला तांबूस उजेड मी लहानपणी मागच्या जाळीतून बघायचे, तुम्ही "हात लावू नकोस" म्हणायचात. या वेळीही हात लावला नाही.

फिल्टर कंडेन्सर मात्र हातचे गेले होते, पन्नास-पन्नास मायक्रोफॅरडचे दोन्ही. ते बदलले. जास्त मोठा घातला तर घरघर आणखी कमी होईल असं वाटतं, पण ईझेड ८१ ला पहिल्या जागी पन्नासच्या वर चालत नाही, म्हणून तितकाच घातला. बंद केल्यावरही त्यांत झटका देण्याइतका भार उरतो. दरवेळी रेझिस्टन्समधून तो उतरवून, मीटरनं शून्य बघून, मगच आत हात घातला. आई, तू हे वाचून काळजी करणार हे ठाऊक आहे म्हणून लिहिते: चालू संचावर मोजताना डावा हात पाठीमागेच ठेवत होते.

रेक्टिफायर परत बसवला, एरियल लावलं आणि मीडियम वेव्हवर एक स्टेशन स्वच्छ लागलं. मला वाटलं, झालं. चष्मा पुसला, अवजारं आवरायला घेतली. आणि वीसेक मिनिटांनी आवाज जड होत गेला, मग फाटला.

तेव्हा आई, तुझं वाक्य आठवलं. मी शाळेत असेन. तू म्हणायचीस, "थोडा वेळ माणूस नीट बोलतो, मग तोंडात गुळणी धरल्यासारखा बोलतो." बाबा म्हणायचे, शॉर्टवेव्हवर असंच चालायचं, लहर येते-जाते. त्यावर तू एकदा म्हणालीस, "लहर गेली तर परत येते. हा आवाज रेडिओ गार झाल्याशिवाय परत येत नाही." तुझं बोलणं तिथंच राहिलं. आम्ही कुणीच ते पुढे नेलं नाही. मीसुद्धा तेव्हा बाबांच्याच बाजूची होते.

अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं. आयनोस्फियरमधून परतून येणारी लहर कमीजास्त होते, आवाज वाकडातिकडाही करते, पण ती आपली आपण सावरते आणि मीडियम वेव्हच्या जवळच्या स्टेशनवर दिवसाढवळ्या ती असा त्रास देतच नाही. जो बिघाड तापल्यावर येतो आणि गार झाल्यावर जातो, तो आकाशात नसतो, चेसिसमध्ये, संचाच्या सांगाड्यात असतो.

मग मी मीटर ईएल ८४ च्या कॅथोडवर, म्हणजे ज्याच्या व्होल्टांवरून आतला करंट कळतो त्या टोकावर लावला आणि घड्याळ घेऊन बसले. तिथे साधारण सात-सव्वासात व्होल्ट असायला हवेत. सुरुवातीला तेवढेच होते. दहा मिनिटांनी आठ, विसाव्या मिनिटाला दहा. म्हणजे व्हॉल्व्हमधून जायला हवा त्याच्या दीडपट करंट जात होता. दिवा बंद केला तर आतल्या प्लेटच्या कडेला मंद लाली दिसली. मग ग्रिड, म्हणजे तो करंट ताब्यात ठेवणारी जाळी, मोजला. तिथे चेसिसच्या मानानं शून्य हवं, तर पाच व्होल्ट पॉझिटिव्ह.

ग्रिड पॉझिटिव्ह होण्याची मुख्य कारणं दोन. एक, व्हॉल्व्हच्या आत वायू शिरलेला असतो. दुसरं, आधीच्या व्हॉल्व्हपासून ग्रिडपर्यंत आवाज पोचवणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा छोटा कागदी कंडेन्सर पाझरत असतो. त्याचं काम आवाजाचा बदलता करंट पुढे सोडणं आणि पलीकडच्या प्लेटचे शंभर-एक व्होल्ट अडवून धरणं. दोघांतला गुन्हेगार कोण, हे कळायला सोपी युक्ती आहे. कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवायचं आणि तापलेल्या संचात पुन्हा मोजायचं. व्होल्ट राहिले तर व्हॉल्व्ह दोषी, गेले तर कंडेन्सर. मी टोक सोडवलं. ग्रिड शून्यावर आला, कॅथोड सव्वासातावर उतरला. बांध फुटलेला नव्हता, नुसता पाझरत होता आणि तापल्यावर पाझर वाढत होता.

बाबा, त्या कंडेन्सरवर तुमची पेन्सिलीची बरोबरची खूण आहे. म्हणजे तुम्ही त्याच्यापर्यंत पोचला होतात, मीटरवर तपासलाही होतात. तुमचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. मीटरचा ओहम रेंज त्याला दोन-चार व्होल्टांवर आणि गार असताना बघतो. वीसेक मेगओहमचा पाझर तुमच्या काट्याच्या मीटरवर दिसलाच नसता, काटा जागचा हलला नसता. आणि नवा व्हॉल्व्ह घातला की काही दिवस आवाज खरंच सुधारत असणार, कारण जुना भाजून निघालेला असायचा. अशा वेळी संशय व्हॉल्व्हवरच राहतो. बारा वॉट सोसणारी ती प्लेट सतरा वॉटनं तापत होती, तीन व्हॉल्व्ह त्यातच गेले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा वाचला याचं मला अजून नवल वाटतं.

तिथे आता नवा पॉलिएस्टरचा कंडेन्सर आहे. जुना फेकलेला नाही. पाकिटात घालून सोबत पाठवते, तुमच्या खुणेसकट.

बाकीचं थोडक्यात. असेच आणखी सहा कागदी कंडेन्सर बदलले. तीन रेझिस्टन्स दीडपटीच्या वर चढले होते, तेही. डायलची दोरी नवी ओवली. ती ओवण्यात एक आख्खी दुपार गेली आणि त्याबद्दल यापुढे बोलायला नको. मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा डोळा, फिकाच आहे, आतला पडदाच झिजलाय, त्याला इलाज नाही. आयएफच्या कॅनचे, म्हणजे आतली ठरावीक लहर निवडणाऱ्या डब्यांचे, स्क्रू मी हलवले नाहीत. कारखान्यातून ४५५ किलोहर्ट्झला बसवलेले आहेत आणि तक्रार करण्याजोगं त्यांचं काही वागणं नव्हतं.

शॉर्टवेव्ह मात्र अजून मुका होता. शेजारी एक छोटा रेडिओ ठेवला. आपला काटा १० मेगाहर्ट्झवर असेल तर आतला ऑसिलेटर, म्हणजे संचाची स्वतःची लहर तयार करणारा भाग, त्याच्या ४५५ किलोहर्ट्झ वर, म्हणजे १०.४५५ ला चालायला हवा आणि छोट्या रेडिओवर तिथे खरखर दबून शांतता मिळायला हवी. ती मिळेना. मीडियम वेव्हवर तोच ऑसिलेटर ठणठणीत होता, म्हणजे तो चालवणारा व्हॉल्व्ह, ईसीएच ८१, बहुधा निर्दोष. उरला बँड स्विच. त्याची चांदीची पानं काळी पडली होती. क्लीनरचा एकेक थेंब, मग स्विच पन्नासेक वेळा पुढेमागे, आणि १०.४५५ वर ती शांतता उमटली. एखाद्या आवाजाचाही इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

रात्री १० मेगाहर्ट्झवर वेळेचे संकेत ऐकू आले, सेकंदासेकंदाला टिक. काटा डायलवर अगदी जागेवर होता. मग ३१ मीटरवर कुठल्या तरी भाषेतल्या बातम्या लागल्या. भाषा कळली नाही, तरी शेवटपर्यंत ऐकल्या.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः घेऊन येते, कुरिअरनं पाठवणार नाही. बाबा, तोवर एवढं करा: ठेवायच्या जागेच्या आसपासचे मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे हलवा, त्यांची खरखर शॉर्टवेव्हवर फार येते. एरियलची तार खिडकीबाहेर काढता आली तर उत्तमच. दिवसा १९ आणि २५ मीटर बघायचे, अंधार पडल्यावर ४१ आणि ४९. मागचं झाकण मात्र उघडायचं नाही. पाचवी ओळ लिहायची जागा मी ठेवली आहे, ती आल्यावर तुम्हीच लिहा.

आणि आई, मी संच सलग तीन तास चालवून बघितला. कॅथोड सव्वासातावरून हलला नाही, ग्रिड शून्यावरच राहिला. पण मीटरला बोलण्यातली गुळणी ऐकू येत नाही. तेव्हा आल्यावर पहिल्यांदा तू त्याच्यासमोर अर्धा तास बसायचंस. आम्ही दोघं गप्प बसू. तू ऐक आणि सांग.

तुमची,
लेक