गार्लंड यांचे गाणेही ऐका

संपादक महोदय,

अमेरिकी अभिनेत्री आणि गायिका ज्यूडी गार्लंड यांच्याविषयीचे लेखन बहुधा १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातील त्यांच्या डोरोथीच्या भूमिकेपाशीच थांबते, याचे वाईट वाटते. १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये, गिऱ्हाईक निघून गेलेल्या क्लबात वादकांच्या घोळक्यात उभ्या राहून त्या एकाच सलग शॉटमध्ये जे विरहगीत गातात, त्यात अभिनय कुठे संपतो आणि गाणे कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील २३ एप्रिल १९६१ च्या मैफलीत तर एका गाण्याचे शब्द विसरूनही त्या लय न सोडता गात राहतात. याच मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी हे संगीत पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या व्यसनांवर आणि घटस्फोटांवर खर्ची पडणारी जागा या गायकीला मिळावी, ही विनंती.

– एक वाचक